अनंताच्या वाट्याची भाकरी

काटोलची गाडी स्टँडात शिरली तेव्हा नत्थू नळावर तोंड धूत होता. सकाळपासून तो पुन्हा पुन्हा तोंडच धूत होता. डोळे लाल दिसता कामा नयेत, एवढे एकच काम आता आपल्या हातात उरले आहे असे त्याला वाटत होते. उपरण्याने तोंड पुसून तो गाडीकडे निघाला आणि चालता चालता घोकलेले वाक्य त्याने मनाशी पुन्हा म्हणून पाहिले. अनंत कामात आहे, आधी घरी चला, जेवा.

अनंत मेडिकलच्या, मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, मागच्या खोलीत होता. चादरीखाली.

उजाडता उजाडता तो वसतिगृहातून सायकलवर निघाला होता. आई तुळसा आणि बाप पहिल्यांदा त्याचे विद्यापीठ पाहायला येणार, त्यांना स्टँडवरून आणायचे, आणि त्याआधी मामाला, नत्थूला, गाठून बरोबर घ्यायचे, असा त्याचा बेत होता. सायकल त्याच्या खोलीतल्या रुपरावची. वळणावर मालट्रक आला. दवाखान्यात नेईपर्यंतही तो टिकला नाही. रुपराव धावत इंदोऱ्याच्या वस्तीत आला, नत्थूच्या दारात बसला आणि एवढेच म्हणत राहिला, "ब्रेक ढिल्ले होते मामा. मी त्याले म्हटलं होतं, ब्रेक ढिल्ले आहेत म्हणून."

नत्थू तसाच मेडिकलकडे धावणार होता. देवाजीने त्याचा दंड धरला. देवाजी वस्तीतल्या विहाराचे काम पाहायचा. लग्न असो की मयत, लोक आधी त्याच्याकडे जात. तो म्हणाला, "तिकडचं मी पाहतो. पंचनामा होईल, चिरफाड होईल, दुपार होऊन जाईल. तू स्टँडवर जा. त्याईले घरी आण, पहिले जेवू घाल. मग बाया बसतील तुळसाजवळ, अन् मग सांग. भरल्या पोटावर दुःख बसते, गा. रिकाम्या पोटाले ते आतून कुरतडते."

ही रीत नत्थूला सांगावी लागत नव्हती. मयताची खबर उपाशी माणसाला द्यायची नाही. एकदा खबर कानावर पडली की चूल पेटत नाही, आणि बाईमाणूस तर दिवसदिवस पाण्यालाही शिवत नाही. म्हणून खबर आणणाऱ्याने आधी समोरच्याच्या पोटात चार घास घालायचे, मग तोंड उघडायचे. दीक्षा घेतली तेव्हा वस्तीने देव सोडले, नवस सोडले, अंगारे सोडले. ही रीत कोणी सोडली नाही. ती देवाची नव्हतीच, पोटाची होती.

नत्थूच्या बापाची खबर त्याला अशीच मिळाली होती. तो आणि तुळसा ज्वारीच्या वावरात पाखरे राखत होते. बाप कापसाच्या जिनात कामाला होता. चुलता भर दुपारी बांधावरून आला, विहिरीजवळ दोघांना बसवले, आपल्या हाताने भाकरी मोडून दिली आणि वर गुळाचा खडा. पोरे आनंदाने जेवली. तुळसा तर फारच लहान होती, नाक वाहत होते, आणखी गूळ मागत होती. तिला त्यातले काही आठवत असेल असे नत्थूला कधी वाटले नाही. तो विषय भावाबहिणीत निघालाच नव्हता.

गाडीच्या दारातून आधी लहानू उतरला. तुळसाचा नवरा, काटोलकडच्या एका बागाईतदाराच्या संत्र्यांच्या बागेचा राखणदार. त्याने पांढरे धोतर नेसले होते आणि वर काळा कोट घातला होता. कोट अनंताने मागल्या दिवाळीत घेऊन दिला होता. खांद्यावर संत्र्यांची पिशवी. मागून तुळसाबाई उतरली, छातीशी फडक्यातली शिदोरी धरून.

"जय भीम, साळेसाहेब!" लहानू मोठ्याने म्हणाला. "मिल बंद पडली का काय? भर कामाच्या दिवशी मामा हजर, अन् भाचा गायब!"

"जय भीम, भाऊजी."

"कुठी आहे आमचा साहेब? म्हणे, मी स्टँडवर उभा राहतो. हा काय उभा आहे."

नत्थूने घोकलेले वाक्य काढले. "कामात आहे तो. आधी घरी चला."

"कसलं काम? त्यानंच तर बोलावलं."

त्या क्षणी नत्थूच्या तोंडून जे निघाले ते ठरवलेले नव्हते. "पेपर आहे त्याचा. एकाएकी निघाला. दुपारी सुटते."

पुढे दिवसभर नत्थू त्या एका शब्दाला शिव्या घालत राहिला. कारण लहानूने पिशवी लगेच दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पेपर? मग घरी कशाले जायचं? तिथंच जाऊ. पोट्टा बाहेर आला अन् आपण तिथं नसलो तर? त्यानं मले पक्कं सांगतलं आहे, बाबा, स्टँडवर नाही दिसलो तर घुमटाच्या इमारतीजवळ या. विचारा कोणालेही, म्हणे."

"जेवून जाऊ, भाऊजी. घर काय दूर नाही."

"इंदोरा कुठी अन् हे कुठी. मले काय नागपूर माहीत नाही?"

नत्थूने बहिणीकडे पाहिले. ती म्हणाली, "चला न दादा, तिकडेच. ह्याईचा जीव खालीवर होऊन राहिला रात्रीपासून. झोपले नाही हे. कोट घालून बसले होते."

घरी न्यायचे राहिले. मग निदान जेवण. स्टँडाबाहेर एक खानावळ होती. नत्थूने दोघांना जवळजवळ ओढतच आत नेले आणि तीन ताटे सांगितली. लहानूने बसल्याबसल्या ताट मागे सारले.

"मले चहा सांग. मी पोट्ट्यासंग जेवीन. पेपर लिहून येईल तो भुकेला, अन् मी इथं ढेकर देऊ का?"

"दोन घास तर खा."

"अरे, बहिणीच्या नवऱ्याले जेवू घालाचा एवढी हौस कधीपासून आली तुले? लग्नात तर वरणात पाणी घातलं होतं तुम्ही लोकांनी."

खानावळवाला हसला. नत्थूही हसला. हसल्यावर त्याचा जबडा दुखला.

"तू जेव," तो तुळसाला म्हणाला.

"मी बी त्याच्यासंगच—"

"तू जेव, वं." त्याने आपल्या हाताने पोळी मोडली, तिच्या ताटात वरणात घातली, आणखी एक पोळी मागवली, तीही मोडली. "सकाळपासून काय खाल्लं तू? घे. मी सांगून राहिलो न, घे."

तुळसाबाई त्याच्या हाताकडे पाहत होती. पोळी मोडणाऱ्या बोटांकडे. मग तिने भावाच्या तोंडाकडे पाहिले. नत्थूने मान वळवून खानावळवाल्याला पाणी मागितले. तो परत वळला तेव्हा ती जेवत होती. खाली मान घालून, सावकाश ती सगळे जेवली. ताटात शीत ठेवले नाही. एरवी परक्या ठिकाणी दोन घासांवर उठणारी बाई.

"गूळ आहे का गा भाऊ?" तिने खानावळवाल्याला विचारले.

त्याने डब्यातून खडा काढून दिला. तिने तो खाल्ला नाही. पदराच्या टोकाला बांधला.

नत्थूला हायसे वाटले. निदान एकीच्या पोटात अन्न गेले. आता लहानू.

बाहेर वस्तीतलाच एक सायकलरिक्षावाला भेटला. त्याला सगळे ठाऊक होते. त्याने गादी झटकली. दोघांना बसवून घेतले आणि नत्थू रिक्षाच्या टपाला हात लावून बाजूने चालू लागला. बर्डीच्या बाजारात दुकाने नुकती उघडत होती. लहानू वर बसून दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत होता. दीक्षेनंतर रात्रीच्या वर्गात तो वाचायला शिकला होता, आणि पाटी दिसली की मोठ्याने वाचल्याशिवाय त्याला राहवत नसे. "का... पड... कापड भांडार. तुळसा, पाह्य, केवढं भांडार." महाराजबागेजवळून जाताना आतल्या पिंजऱ्यांतून सिंहाची डरकाळी आली. लहानू दचकला, मग खूश झाला. "हाव न! त्यानं सांगतलं होतं. पुस्तक वाचून राहिलो का सिंव्ह वरडते, म्हणे. मले वाटलं फेकून राहिला पोट्टा."

विद्यापीठाच्या फाटकाशी रिक्षा थांबली. नत्थू रिक्षावाल्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "देवाजीले सांग, आम्ही इथं आहो. घरी नाही. अन् लहानू जेवला नाही अजून."

रिक्षावाल्याने मान हलवली आणि रिक्षा मेडिकलच्या दिशेने वळवली.

नत्थूचे सगळे आयुष्य याच शहरात गेले होते, पण त्या फाटकातून तो कधी आत गेला नव्हता. मिल, वस्ती, सणाला दीक्षाभूमी, हेच त्याचे नागपूर. भाचा इथे आल्यावर तो दोनदा वसतिगृहापर्यंत डबा घेऊन आला, तेवढेच. आता त्याला वाट दाखवायची होती. पण त्याची गरज पडली नाही. वाट लहानूच दाखवत होता. काटोलच्या बागेत झोपडीबाहेर बसून अनंताने बापाला हा सगळा परिसर बोटाने मातीत काढून दाखवला होता, आणि बापाने तो पाठ केला होता.

"ही लाल दगडाची. इंग्रजाच्या वेळची. इथं कागदपत्राचं काम. हिच्या अंगावरून डाव्या हाताले गेलं का पुस्तकाची इमारत. तिथं तो बसते. वरच्या मजल्यावर, खिडकीजवळ."

लाल इमारतीच्या कमानी उंच होत्या. वऱ्हांड्यातल्या फरशीवर इतके लोक चालून गेले होते की मधली वाट खोलगट झाली होती. लहानूने चपला काढून हातात घेतल्या.

"घाला जी," तुळसाबाई म्हणाली. "सगळे घालूनच चालून राहिले."

"राहू दे."

मधल्या हिरवळीवर पोरे घोळक्याघोळक्याने उभी होती. एरवी असतो तसा गलका नव्हता. नत्थूच्या ते लक्षात आले. कोणत्याही घोळक्यातून अनंताचे नाव येईल म्हणून तो दोघांना कडेकडेने नेत होता आणि स्वतः पोरांच्या बाजूने चालत होता.

"काहून गा, इतके पोट्टे बाहेर, अन् आपल्याच पोट्ट्याचा पेपर?" लहानूने विचारले.

"त्याईचा दुसऱ्या दिवशी असंल."

"कोणत्या खोलीत आहे? खिडकीतून पाहू का? आवाज नाही करत."

"पेपरात जाऊ देत नाही. हाकलून देतात. त्याच्यावरच नाव येते."

हे लहानूला पटले. पोरावर नाव येईल असे काही करायचे नव्हते.

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर रुपराव बसला होता. हिंगणघाटकडच्या कुणबी पाटलाचा पोरगा, अंगाने आडवा. सकाळचेच कपडे अंगावर होते आणि पायजम्याला काळे डाग पडले होते. नत्थूने त्याला पाहिले आणि पाय जागीच थांबले. रुपरावनेही पाहिले. तो उठला, खाली उतरला. नत्थू पुढे होऊन त्याला अडवणार, तोच रुपराव तुळसाबाईपुढे वाकला, दोन्ही हातांनी तिचे पाय धरले आणि तसाच राहिला. जेवढा वेळ पाय धरतात त्याहून फार जास्त वेळ.

"अनंताचा जोडीदार आहे," नत्थू घाईने म्हणाला. "रुपराव."

"हाव, रुपराव! नाव माहीत आहे न बापा," लहानू म्हणाला. "ज्याची सायकल आमचं पोट्टं दामटते तो! काय गा, देते का वापस धड?"

रुपरावने वर पाहिले नाही. तुळसाबाईने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो उठला आणि हिरवळीवरून जवळजवळ पळतच गेला.

"केवढं शिस्तीचं पोट्टं," लहानू म्हणाला. "पाटलाचं पोरगं, अन् आपल्या पायाले हात लावते. हे पाहाले जगावं माणसानं. पाहिलं का, तुळसा?"

"पाहिलं," ती म्हणाली.

नत्थूने तिच्याकडे पाहिले. तिचा चेहरा कोरडा होता. उन्हामुळे असेल, त्याला वाटले.

घुमटाची इमारत सगळ्यात मागे होती. पुढे रुंद पायऱ्या, खांब, आणि वर राखाडी घुमट. त्यावर कबुतरे बसली होती. लहानू खालीच उभा राहून वर पाहत राहिला. त्याचा हात कोटाच्या गुंड्यांवर गेला. त्याने त्या सगळ्या लावल्या.

अनंताने त्यांना बोलावले होते ते ह्याच इमारतीसाठी. बी.ए.ची पदवी पोस्टाने आली होती. एम.ए.ची मी त्या घुमटाखाली उभा राहून घेईन, तुम्ही दोघे समोर बसाल, असे तो म्हणाला होता. पण त्या दिवशी तुम्ही दारातच बुजाल, मोठमोठ्या लोकांना पाहून मागच्या मागे पळाल, म्हणून आधी एकदा या, आत बसून पाहा, जागा ओळखीची करून घ्या. लहानूला ती गोष्ट फार पटली होती. नव्या बैलालाही आधी गोठा दाखवतात, असे तो गावात सांगत फिरला होता.

दार बंद होते. बाजूला स्टुलावर पहारेकरी बसला होता. त्याने हातानेच नाही म्हटले. "आज बंद आहे. उद्या या."

"उद्या कुठून येऊ, दादा? काटोलहून आलो," लहानू म्हणाला. "नुसतं पाहू द्या. माझा पोरगा इथं शिकते. एम.ए.ले आहे. अनंत सोमकुवर. मी बाप त्याचा. ही माय."

पहारेकरी स्टुलावरून उठला. त्याने लहानूकडे पाहिले, कोटाकडे पाहिले, मग नत्थूकडे. नत्थूने डोळे मिटले आणि उघडले. पहारेकऱ्याने खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडताना त्याच्या हातून ती एकदा पडली. दार लोटून तो बाजूला झाला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"पाहिलं?" आत शिरता शिरता लहानू नत्थूच्या कानाशी म्हणाला. "नाव सांगतलं का दार उघडलं. केवढी वळख पोट्ट्याची! टोपी काढली माणसानं!"

आत गार होते. रांगेने खुर्च्या होत्या, समोर मंच, त्यावर उंच पाठीच्या रिकाम्या खुर्च्या. वरच्या झरोक्यांतून उन्हाच्या पट्ट्या खाली आल्या होत्या. लहानूने आधी मागची खुर्ची हाताने दाबून पाहिली. मग मधल्या रांगेत जाऊन बसला. उठला. आणखी पुढे बसला. "इथून दिसंल बरोबर. तुळसा, ये, बस. त्या दिवशी इथंच बसू."

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. नत्थू दाराशी उभा राहिला. बाहेर फाटकापर्यंतचा रस्ता तिथून दिसत होता, आणि त्याला तोच पाहायचा होता. देवाजी येईल. देवाजी आला म्हणजे तिकडचे संपले. आणि लहानूच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही.

"इथं आवाज वापस येते, म्हणे," लहानू सांगत होता. "घुमटाखाली उभं राहून नाव घेतलं का घुमट बी नाव घेते. त्या दिवशी माझं नाव पुकारतील तेव्हा दोनदा आयकू येईल, म्हणे, बाबा." तो उठून मंचापुढे, घुमटाच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला. घसा खाकरला. घुमटाने खाकरणे परत दिले. तो शरमला, हसला. "मले नाही जमत बाप्पा. तू मार हाक. तुझा आवाज मोठा आहे. बागेतून नदीपर्यंत जाते."

तुळसाबाई उठून त्याच्याजवळ गेली. वर पाहिले. तिचे तोंड उघडले. आवाज निघाला नाही.

"मार न वं! कोणी नाही इथं."

"नाही," ती म्हणाली. "आता नाही."

तेवढेही घुमटाने परत दिले.

ती वळली आणि दाराकडे चालू लागली. नत्थूजवळून जाताना ती थांबली, पण त्याच्याकडे पाहिले नाही. बाहेर रस्त्याकडे पाहत हळू म्हणाली, "कोण येणार आहे, दादा?"

नत्थूने दाराची चौकट धरली.

"देवाजी?"

त्याने मान हलवली.

"आहे कुठी तो?"

"मेडिकलले."

"जित्ता नाही." ती विचारत नव्हती. नत्थूने उपरणे डोळ्यांना लावले. तिने त्याचे मनगट घट्ट धरले, इतके की काचेची बांगडी त्याच्या हाडावर रुतली. "रडू नको. ते पाहून राहिले. खानावळीतच समजलं मले. तू पोळी मोडून दिली तेव्हा. कधी देतलं का तू मले असं मोडून? काकानं देतलं होतं, इहिरीजवळ. त्या दिवसापासून मी गूळ तोंडाले लावला नाही."

"तुले आठवते?"

"मले वाटे तू इसरला."

नत्थूला आता खानावळीतला तो खडा आठवला. तिने तो खाण्यासाठी मागितलाच नव्हता. तिने भावाला विचारले होते, आणि भावाला हायसे वाटले होते.

"मग तवाच काहून नाही बोलली, तुळसे?"

"त्याईले पाहाचं होतं न हे." तिने हनुवटीने आत दाखवले. लहानू अजून घुमटाखाली उभा होता आणि वरच्या झरोक्यांकडे एकेक करून पाहत होता. "दोन साल झाले, हेच बोलून राहिले. आजच्यानंतर ते इकडे पाय नाही टाकणार. पाहू दे म्हटलं." तिने त्याचे मनगट सोडले. "पण जेवले नाही ते. तू इथंच थांब."

ती पुन्हा आत गेली नाही. तिने दारातूनच हाक मारली. "अजी, या बाहेर. भूक लागली असंल."

लहानू बाहेर आला. पहारेकऱ्याला त्याने पिशवीतली दोन संत्री दिली. पहारेकऱ्याने ती घेतली आणि काय करावे न सुचून तशीच हातात धरली.

तुळसाबाई पायरीवर बसली. शेजारची जागा तिने पदराने झाडली आणि लहानूला बसवले. मग मांडीवर शिदोरीची गाठ सोडली. ज्वारीच्या भाकरी होत्या, जवसाची चटणी होती, कांदा होता. जवसाची चटणी अनंताला आवडायची. ती पहाटे उठून भाजून कुटली होती.

"हे काय करून राहिली?" लहानू म्हणाला. "तो येईल न आता. हा त्याचा वाटा आहे."

"खा न जी."

"अवं, पोट्टा पेपर लिहून राहिला—"

"खा म्हणते न."

तिने भाकरी मोडली. चटणी ठेवली. लहानूचा हात धरून त्यावर तो तुकडा ठेवला. मग पदराच्या टोकाची गाठ दातांनी सोडली आणि गुळाचा खडा काढून त्याच्यावर ठेवला.

लहानू गुळाकडे पाहत राहिला. तोही त्याच मुलखातला होता. त्यानेही कोणाकोणाला असा गूळ दिला होता. बागेच्या पलीकडच्या झोपडीतल्या बाईला, तिचा नवरा विहिरीत पडला तेव्हा, त्यानेच नेऊन दिला होता.

त्याने बायकोकडे पाहिले. मग वर दाराशी उभ्या नत्थूकडे. पहारेकऱ्याच्या हातातल्या टोपीकडे.

"नत्थू," तो म्हणाला, "किती वाजता सुटते पेपर?"

नत्थूने रस्त्याकडे पाहिले. फाटकातून देवाजी आत येताना दिसत होता, सोबत वस्तीतले दोघेजण. ते झपाझप चालत आले, आणि मग देवाजीला पायरीवरचा माणूस आणि त्याच्या हातातली भाकरी दिसली. त्याने बाकीच्यांना हाताने थांबवले. तिघेही कडुलिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. जेवत्या माणसाकडे जायचे नसते.

"तुळसा," लहानू म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी नाही खात. मी खाल्लंच नाही तर—"

"पहिले खा."

"मले नाही खाचं वं."

"अनंताची आहे," ती म्हणाली. "टाकाची नाही."

लहानूने तुकडा उचलला. चटणी कोटावर सांडली. त्याने ती दुसऱ्या हाताने टिपून तुकड्यावर परत ठेवली. तुकडा तोंडात घातला. चावू लागला. तो बराच वेळ चावत राहिला, झाडाखालच्या तिघांकडे बघत. चावणे थांबले नाही, आणि घास खालीही जाईना.

तुळसाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"गिळा," ती म्हणाली. "मग सांगते."